मुद्दाम चुकवलेली शिलाई

१२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शाळा उघडल्या की माझ्याकडे गणवेशांचा डोंगर पडतो हे तुला नवीन नाही. फोन करावा तर दुकान पुढे, घर मागे आणि मधे एक पडदा. माझा आवाज तर तू जाणतेसच, कुजबुजले तरी गल्ली जागी होते. आणि जे सांगायचं आहे ते भिंगरीच्या कानावर जायला नको आहे. म्हणून हा कागद.

ताई, तुझी भाची मला बरी दिसत नाही. दरवर्षीप्रमाणे जूनमध्ये तिचं माप घेतलं. कंबर गेल्या वर्षीपेक्षा दोन इंचांनी कमी भरली. चौदा वर्षांच्या पोरीचं माप वाढतं गं, कमी कुठे होतं? मला वाटलं फीत वाकडी धरली, म्हणून पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा लावली. छातीचं माप घेताना तिला हात वर करायला सांगितले होते. मी वहीत आकडे लिहिले, एका गिऱ्हाइकाला पावती दिली, परत वळून पाहते तर ही तशीच हात वर करून उभी. खाली घे म्हटल्यावर घेतले. जिला एका जागी बसवायला मी सुया-दोऱ्यांची लाच द्यायची, ती ही पोर.

तिसरीपासूनचा त्यांचा पाचजणींचा घोळका तुला आठवत असेल. त्यातली ती पेन्सिली कुरतडणारी, जिला आपण खार म्हणायचो, ती तर आमच्याच घरची झाली होती. गेल्या परीक्षेपासून एकही उंबऱ्यात आलेली नाही. भांडण झालं का विचारलं तर नाही म्हणते. भांडण असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं.

यांचं म्हणणं, वयच तसं असतं. पंपिंग स्टेशनवर पाळ्या करून आलेल्या माणसाला घरातली शांतता बरीच वाटते म्हणा. पण मी हट्टाने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयस्क बाई आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी नैराश्य म्हटलं, गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. आणि म्हणाल्या की या वयात आईबापाची माया पुरत नाही, बरोबरीची एखादी मैत्रीण हवी. औषध काम करेल, पण अर्धंच. मी ते मनाशी पक्कं केलं.

आता ऐक. सप्टेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आहे. त्या चौघी एका नाचात आहेत, आपली नाही. चौघींना सारखे घेराचे फ्रॉक हवेत. मी निरोप धाडला की मी शिवून देते, शिलाई नको. मापाला येतील, ट्रायलला येतील, बसतील, बोलतील. उठणंबसणं सुरू झालं की मन आपोआप मोकळं होईल. तुला काय वाटतं ते कळव. आणि भिंगरीलाही दोन ओळी लिही. मी सांगितलं म्हणून लिहू नकोस.

सगळ्यांचा नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो या दिवसांत आमच्याकडे जरा जास्त वळव.

तुझी,
धाकटी

२० जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता हातातली कवळी तशीच राहिली आणि मेण थंड झालं. एक आजोबा अजून दोन दिवस मऊ खाऊन काढणार, त्याचं पाप तुझ्या माथी. गेल्या आठवड्यात त्यांनीच माझ्या हातात जुनी कवळी ठेवून सांगितलं की बायकोशी भांडताना ती बाहेर पडते, तेव्हा नवी अशी बनव की भांडण पुरं करता येईल. भिंगरीला हा किस्सा वेगळा लिहिते आहे. तुझं नाव काढणार नाही, काळजी नको.

तुझी शक्कल नामी आहे, शंका कसली घेतेस? पोरांना घरात आणायला निमित्त लागतंच. तुला आज एक गुपित सांगते. तू सातवीत असताना आपल्याकडे अचानक कॅरम आला ना? आईला कॅरमचं काडीइतकं प्रेम नव्हतं. तू कुणात मिसळत नाहीस म्हणून तिने तो आणला आणि गल्लीतल्या पोरांना स्वतः हाका मारल्या. तुला वाटायचं सगळे तुझ्यासाठी येतात. काही बिघडलं का तुझं? तोंडाला तर आज कुलूप लागत नाही.

तेव्हा बिनधास्त कात्री लाव. गोळ्या मात्र चुकवू नका, आणि भिंगरीच्या बाबांना सांग की वयच तसं असतं हे वाक्य मी पुन्हा ऐकून घेणार नाही.

भिंगरीला जवळ घे. तुम्हा तिघांवर जीव आहे, तो काही लिहून दाखवायला नको.

तुझी,
ताई

२५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, आल्या गं पोरी! चौघीही आल्या. दुकानात एवढा कलकलाट झाला की समोरचा घड्याळवाला दोनदा डोकावून गेला. मी माप घेत होते आणि भिंगरी स्टुलावर टाचण्यांची डबी धरून बसली होती. एकेक टाचणी काढून माझ्या हातात देत होती. खारीने तिला गणितातलं काहीतरी विचारलं, तिने सांगितलं. त्या संध्याकाळी पोरगी ताटातलं सगळं जेवली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

आता एक कबूल करते, हसू नकोस आणि कुणाला सांगू नकोस. पहिल्या ट्रायलला चौघींचे फ्रॉक असे बसले की टाचणी लावायला जागा नाही. वीस वर्षांचा हात आहे, बसणारच. मी मनात म्हटलं, आता हुक लावले की संपलं, या चालल्या. मग मी त्यांना सांगितलं, थोडं काम बाकी आहे, शनिवारी या. आणि बसून दोघींच्या काखेतली शिलाई अर्धा इंच आत घेतली. तिसरीचा मागचा गळा वर ओढला. शनिवारी आल्या तर हात वर होईनात. नाचायचं कसं? मी कपाळाला हात लावला, चष्म्याचा नंबर वाढला म्हटलं, बुधवारी बोलावलं. बुधवारी कंबर ढगळ निघाली.

माझ्या हातून काखेत घट्ट झालेला कपडा आजवर बाहेर गेला नव्हता. शिवणाच्या बाई ज्या टेबलावर मला कापायला शिकवायच्या, तिथे त्या असत्या तर कात्रीच्या मुठीने माझ्या बोटांवर मारलं असतं. एका मुलीच्या आईने परवा निरोप धाडला की जमत नसेल तर कापड परत द्या. यांनीही म्हटलं, दुकानाचं नाव घालवशील. जाऊ दे गेलं तर. पाच वेळा आल्या ताई, पाच वेळा! खार तेवढी हुशार आहे. तिने बाही उलटून शिलाई पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि बाही पुन्हा सुलटी केली.

आईच्या कॅरमची गंमत वाचून मला इतकं बळ आलं म्हणून सांगू! त्या माउलीची शक्कल माझ्यावर चालली, माझी माझ्या लेकीवर चालेल.

भिंगरी तुझी पत्रं उशीखाली ठेवते. अशीच आठवण ठेव आणि आशीर्वादाचा हात काढू नकोस.

तुझी,
धाकटी

२ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. आईने सांगितलं म्हणून तू मला लिहितेस हे मला माहीत आहे. तरी मी ती वाचते. भांडणाच्या कवळीचा किस्सा मला आवडला. हसू आलं नाही, पण आवडला.

मी तुला जे लिहिते आहे ते आईला सांगू नकोस. मला कुणालातरी सांगायचं आहे आणि दुसरं कुणी नाही.

आई मुद्दाम चुकीचं शिवते आहे. मला पहिल्या दिवशीच कळलं, मी तिच्या शेजारी बसूनच मोठी झाले ना. तिला वाटतं मुली माझ्याकडे येतात. आई मापाची वही आणायला पडद्याआड गेली की त्या माझ्याशी बोलायचं थांबवतात. आई बाहेर आली की पुन्हा बोलायला लागतात. त्यांच्यातल्या एकीने शाळेत मला विचारलं की अजून किती वेळा यायचं, आणि तुझ्या आईला नीट शिवता येतं ना. बाकीच्या हसल्या. मी गप्प बसले. आईला उत्तम शिवता येतं हे सांगायचं तर ती मुद्दाम चुकवते हे सांगावं लागेल, आणि का चुकवते तेही. त्यापेक्षा तिला शिवता येत नाही असंच त्यांना वाटलेलं बरं.

त्या वाईट नाहीत गं. सुरुवात माझ्यापासून झाली. मला बोलायचा कंटाळा यायला लागला. कंटाळा पण नाही, तोंडापर्यंत शब्द आणायचे म्हणजे बादली ओढल्यासारखं वाटायचं. आधी त्या विचारायच्या, काय झालं. मला सांगता यायचं नाही, कारण काहीच झालेलं नव्हतं. मग त्यांना वाटलं मला शिष्टपणा चढला. मग त्यांनी फोनवर नवा ग्रुप केला, त्यात मी नाही. त्यानंतर खरंच काहीतरी झालं, पण तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही माझ्याशी बोलले नसते.

मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात पुस्तकं लावते. बाईंना वाटतं मला वाचनाची आवड आहे. गोळ्यांनी झोप लागते. बाकी तसंच आहे. त्या दिवशी आईला बरं वाटावं म्हणून सगळं जेवले आणि नंतर पोट दुखलं.

खार कधीकधी माझ्याकडे बघते. पण तीही फ्रॉकसाठीच येते ना.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. आईला मात्र सांगू नकोस, तिला फार लागेल. तुझा माझ्यावर जीव आहे असं धरून चालते.

तुझी,
भिंगरी

८ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज चेष्टा नाही. भिंगरीने मला पत्र लिहिलं आहे आणि तुला सांगू नको असं दोनदा बजावलं आहे. मी शब्द मोडते आहे. चार दिवस विचार केला. काल दाताचा एक साचा माझ्या हातून पडून फुटला, तेव्हा ठरवलं की गप्प बसायचं नाही.

तिला सगळं माहीत आहे. शिलाई तू चुकवतेस हे माहीत आहे, मी कुणाच्या सांगण्यावरून लिहिते हेही. मुली तुझ्यासमोर तिच्याशी बोलतात आणि तुझी पाठ वळली की थांबतात. शाळेत तुझ्या शिवणावरून हसतात आणि पोर ते गिळते, तुला राखायला. आपण तिला माणसं भाड्याने आणून दिली, धाकटे. कॅरमची फुशारकी मारून मीच तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तुला तेव्हा कळलं नव्हतं म्हणून ते चाललं, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

फ्रॉक एका दिवसात पुरे कर आणि त्या मुलींना मोकळं कर. डॉक्टरीणबाईंना काही न लपवता सांग. भिंगरीला मात्र यातलं अवाक्षर बोलू नकोस. तिला वाटू दे की निदान माझ्यापाशी बोललेलं बाहेर जात नाही. हे वाचून फाडून टाक.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल, तिच्यावरची नजर हलवू नकोस.

तुझी,
ताई

१६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. अगदी चिंध्यांच्या पोत्यात बारीक करून टाकलं. पण तू मला ओळखतेस. कागद फाडता आला, तोंड शिवता आलं नाही.

मी बोलणार नव्हते. दोन दिवस राहिलेही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून बटणांची काजं करत होती, आणि तिची मान इतकी बारीक दिसली की मला राहवलं नाही. मी तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, चुकलं माझं, मी त्या शिलाया मुद्दाम चुकवल्या, आता नाही करणार. तिने सुई बाजूला धरली. मग एवढंच विचारलं की मावशीने लिहिलं का. मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडातून नाही निघेपर्यंत तिने माझा चेहरा वाचला होता. हातातलं काज पुरं करून दोरा तोडला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी हुक आणि अस्तर आणायला बाजारात गेले, दुपारचे तीन तास मोडले. परत आले तर चारी फ्रॉक हँगरला टांगलेले, इस्त्री करून. तिने सगळ्या शिलाया उसवून, वहीतली मापं बघून, नव्याने घातल्या होत्या. मी उलटून पाहिले, काखा पाहिल्या, गळे पाहिले. एक टाका काढायला जागा नव्हती. आणि ताई, माझी मूर्खाची जात, मला क्षणभर आनंद झाला! वाटलं, पोरगी कामाला लागली. मी कौतुक करायला आत गेले. ती म्हणाली, आता त्यांना यावं लागणार नाही. एवढं बोलून भिंतीकडे वळली.

संध्याकाळी भिंगरीचे बाबा चारी फ्रॉक पोचवून आले. आल्यावर म्हणाले की चौघींच्याही घरी शिवण फार छान झालं म्हणत होते. मग मोरीत नळ सोडून बराच वेळ उभे राहिले.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस. माझाच माझ्यावरचा कमी झाला आहे.

तुझी,
धाकटी

२२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. तू विश्वास ठेवशील असं नाही, आणि ठेवावास असं मी वागलेले नाही.

तू सांगू नकोस म्हणालीस आणि मी सांगितलं. मला भीती वाटली, हे खरं कारण. पण तू जे एका ठिकाणी ठेवलं होतंस ते मी उघडं केलं. मोठ्या माणसांना वाटतं की मूल बुडत असेल तर त्याचा शब्द मोडायला हरकत नाही. मूल त्या शब्दालाच धरून असेल तर, हे आम्ही बघत नाही.

तू लिहिलंस की तू त्यांच्या जागी असतीस तर स्वतःशी बोलली नसतीस. मी बोलले असते. लिही किंवा लिहू नकोस, मी इथेच आहे. शिव्या द्यायच्या असतील तरी लिही, मोठ्या अक्षरात.

तुझ्यावर जीव आहे, धरून चालण्याइतका.

तुझी,
मावशी

११ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट तिच्या टेबलावर अजून बंदच आहे. फेकलं नाही, फोडलंही नाही. मी हात लावत नाही.

स्नेहसंमेलन झालं, ती गेली नाही. त्यानंतर शाळेतही गेलेली नाही. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, चुकवलेल्या शिलायांसकट. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. गोळ्या बदलल्या आहेत, आठवड्यातून एकदा तिच्या एकटीशी बोलतात, तिला क्षणभरही एकटं ठेवू नका म्हणाल्या. यांनी पाळी बदलून घेतली. आम्ही दोघं आळीपाळीने घरात असतो. वेळ लागेल म्हणतात. किती, ते सांगत नाहीत.

पण तुला लिहायचं आहे ते वेगळंच. गेल्या गुरुवारी खार आली.

मी मशीनवर होते. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर येऊन बसली. मला वाटलं हुक सुटला असेल, तसं विचारलं. ती म्हणाली, फ्रॉक नीट आहे, कार्यक्रमही झाला, भिंगरीला भेटायला आलेय. माझा पाय मशीनवरच राहिला. ताई, मी तिला बोलावलं नव्हतं. निरोप नाही, चिठ्ठी नाही, तिच्या आईला रस्त्यात नमस्कारसुद्धा केला नव्हता. पोर आपल्या मनाने आली होती. मांडीवर एक वही होती, तीन आठवड्यांचे सगळे विषय तिने आपल्या हाताने उतरवून आणले होते. पेन्सिलीने आकृत्यासुद्धा काढल्या होत्या.

मी आत जाऊन सांगितलं. भिंगरीने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं की तिच्यासाठी आता काय शिवते आहेस. मी शपथ घेतली. ती उठली, केस मागे घेतले, पडद्यापर्यंत आली. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते, वाटलं, देव पावला. तिने खारीला अगदी नीट, एखाद्या पाहुणीला विचारावं तसं विचारलं की आईने काय कबूल केलंय. खार गोंधळून वही पुढे करत उठली. मग भिंगरी तिला म्हणाली, थांबायची गरज नाही, तू येऊन गेलीस असं मी आईला सांगेन, तुझं जे ठरलं असेल ते तुला मिळेल. वही घेतली, आभार मानले आणि आत गेली.

खारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला बाहेर नेऊन सांगायचा प्रयत्न केला. पण मीच समजावायला लागले की ते आणखीच ठरवून केल्यासारखं दिसतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी थांबले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तासभर बाकावर बसली. भिंगरी बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी समोर घड्याळवाल्याच्या पाटीखाली उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. त्यानंतर आलेली नाही. तिला तरी काय दोष द्यायचा? चौदा वर्षांची आहे तीही.

ती परत गेली त्या संध्याकाळी भिंगरी आपणहून माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसली. रागावली असती तर मी पाय धरले असते. पण राग नाही गं तिला. म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी तशी हळू आवाजात म्हणाली, आई, तू फार कष्ट घेतलेस, आता पुरे कर. खारीला उगाच त्रास होतो. मी पुन्हा शपथ घेतली. तिने मान हलवली, माझं खोटं मला लागू नये म्हणून हलवावी तशी.

जगात एक मैत्रीण तिच्यासाठी खरोखर आली होती ताई, आणि ती खरी आहे हे सांगायला माझ्याकडे तोंड उरलेलं नाही.

तू ये, असं लिहायला मी हा कागद घेतला होता. चार दिवस रजा टाक, तिच्याजवळ बस, असं. पण तू दारात उभी राहिलीस की ती मला विचारेल, मी बोलावलं का. आणि बोलावलेलंच असेल.

तुझी,
धाकटी